क्रीडामंत्र्यांना खुले पत्र: ट्रॅपचा सराव हॉलमध्ये होत नाही, साहेब

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यातली एक आई. माझी मुलगी ट्रॅप नेमबाज आहे, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या शॉटगनने, एका बारात अनेक छर्रे सोडणाऱ्या बंदुकीने, फोडते. राज्य स्पर्धेतली पदकविजेती. तिच्या सत्काराच्या वेळी व्यासपीठावरून शब्द दिला गेला होता की कोल्हापूरला शॉटगनची रेंज होईल. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. त्या शब्दाचं पुढे काय झालं, एवढंच आम्ही अर्ज करून विचारलं. गेल्या आठवड्यात एका कार्यालयाचं उत्तर आलं: जिल्ह्यात नेमबाजीची सुविधा उपलब्ध असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

कोणती सुविधा? 10 मीटरचा एअर रायफलचा हॉल! पैलवानाला कॅरमच्या खोलीत सराव कर म्हणावं तसं झालं हे.

ट्रॅप म्हणजे काय, हे ज्यांनी सही केली त्यांना कुणी सांगितलं नसावं. नेमबाजासमोर 15 मीटरवर खंदक असतो, त्यात 15 यंत्रं. "पुल" म्हटलं की त्यातून मातीची तबकडी सुटते. डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, आधी कळत नाही. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने ती 76 मीटरवर जाऊन पडते, आणि त्याच्या आत ती फोडायची. अशा 25 तबकड्यांची एक फेरी, पात्रतेला पाच फेऱ्या. हातात बारा बोअरची बंदूक. छर्रे पडायला पुढे दोन-अडीचशे मीटर रान मोकळं लागतं. हे छपराखाली कसं करायचं?

कोल्हापूरने नेमबाजीत काय कमी दिलंय? तेजस्विनी सावंत 2010 ला म्युनिकमध्ये विश्वविजेती झाली. राही सरनोबतने 2018 ला इंडोनेशियात पालेमबांगला आशियाई सुवर्ण घेतलं, नेमबाजीत असं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझ आणलं. पण हे सगळे रायफल आणि पिस्तूलवाले. शॉटगनमध्ये आमच्या मातीतलं नाव का नाही, याचं कारण मुलींच्या खांद्यात नाही, ते तुमच्या फायलीत आहे.

माझ्या मुलीचा सराव दिल्लीला, तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर. कोल्हापुरातून निजामुद्दीनची गाडी आठवड्यातून एकदा. परवान्याची बंदूक घेऊन तरणी पोर एवढ्या लांबचा प्रवास करते आणि मी घरी जागी असते. तिथे राहण्याचा खर्च, तबकड्यांचा खर्च. काडतुसं परदेशी, एका सकाळच्या सरावात आमच्या घरचा महिन्याचा किराणा उडून जातो. ऊसबिल आलं की आधी सोसायटीचं कर्ज कापून जातं, उरलं ते काडतुसांना. माझ्या पाटल्या सोनेतारणात गेल्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत. धाकट्याला इंजिनिअरिंगला घालायचं होतं, तो आयटीआयला गेला. तो कधी बोलून दाखवत नाही, पण मी आई आहे, मला कळतं.

1952 मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. ही गोष्ट तुमच्या प्रत्येक भाषणात येते. खाशाबांच्या त्या ब्राँझनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 72 वर्षं लागली, आणि गहाण टाकायची पद्धत अजून बंद झालेली नाही. तुम्ही ती गोष्ट अभिमानाने सांगता. मला ती ऐकून राग येतो.

आणि निवडणुका! 2024 ला आधी लोकसभा, मग विधानसभा. दोन्ही वेळा निरोप आला, बंदूक जमा करा. खेळाडूंना यातून सूट असते, पण ते समोरच्या माणसाला पटवून देईपर्यंत सरावाचे दिवस गेले. ज्या पोरीचा एक दिवसही फुकट जायला नको, तिला गुन्हेगारासारखं बाकड्यावर बसवून ठेवलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी मी पाहिलं आहे.

बायकांच्या या खेळाशी सगळीकडेच असं वागलं गेलंय. चीनची झांग शान 1992 ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीटला, तबकड्या फोडायच्याच दुसऱ्या प्रकारात, पुरुषांच्या बरोबरीने उतरली, 225 पैकी 223 तबकड्या फोडून सुवर्ण घेतलं. पुढच्या ऑलिंपिकला महिलांना स्कीटमध्ये जागाच ठेवली नाही. अमेरिकेच्या किम ऱ्होडची डबल ट्रॅप स्पर्धा, ज्यात एकदम दोन तबकड्या सुटतात, 2004 नंतर काढून टाकली, तरी ती स्कीटकडे वळली आणि एकूण सलग सहा ऑलिंपिकमध्ये पदकं घेतली. रोज पाचशेवर फैरी झाडायची म्हणे. झाडायला रेंज होती, काडतुसं होती. माझ्या पोरीने जिद्द कुठून आणायची ती आणली, खंदक कुठून आणू?

लांब कशाला, शेजारच्या मध्य प्रदेशात बघा. तिथल्या सरकारी अकादमीने मासेमारी करणाऱ्या घरातली मनीषा कीर घडवली. 2023 च्या हांगझो आशियाई स्पर्धेत ट्रॅप संघाला रौप्य मिळालं, त्या तिघींत ती होती आणि त्याच अकादमीची प्रीती रजकही होती. ते राज्य काय आपल्यापेक्षा श्रीमंत आहे? आपल्याकडे पदक आल्यावर कोटींचे आकडे जाहीर होतात, चौकाचौकात फ्लेक्स लागतात. पदक येण्याआधीची दहा वर्षं मात्र आईबापांनी बघायची. रस्ता असो, दवाखाना असो, पुराची भरपाई असो, सगळीकडे हाच हिशोब: आधी माणसाने स्वतः तगून दाखवायचं, मग सरकार हार घेऊन येणार.

मला सत्कार नको, शालही नको. जिल्ह्यात सरकारी पडीक जमीन आहे, त्यातला कोणता गट नंबर रेंजसाठी देणार आणि खंदकाचं काम कोणत्या महिन्यात सुरू होणार, हे लेखी कळवा. खेळाडूंना काडतुसांसाठी पदकाआधी अनुदान द्या. आणि निकाली काढलेला आमचा अर्ज पुन्हा उघडून, एकदा तरी ट्रॅप रेंज पाहिलेल्या अधिकाऱ्याकडे द्या.

आपली,
एका ट्रॅप नेमबाज मुलीची आई
ता. करवीर, जि. कोल्हापूर