दुधीचा रस, 'डिटॉक्स'चा फलक आणि आपलं खातं : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रीमहोदय, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : बागांबाहेर विकले जाणारे भाज्यांचे रस व 'डिटॉक्स' पॅकेजं यांबाबत.
संदर्भ : माझा तक्रार अर्ज आणि त्यावर मिळालेलं तोंडी आश्वासन.

महोदय,

सविनय नमस्कार. मी एसटीतून निवृत्त झालेला माणूस. उन्हाळ्यात बागेबाहेरच्या गाडीवर दुधी-कारलं-आवळ्याचा रस प्यायलो आणि रक्ताच्या उलट्या होऊन अतिदक्षता विभागात जाऊन पडलो. घरी आल्यावर उभं राहण्याचं त्राण आलं तशी रीतसर लेखी तक्रार दिली. आपल्या खात्यातल्या एका साहेबांनी मला समोर बसवून, चहा पाजून सांगितलं होतं, "काका, काळजी करू नका. पंधरा दिवसांत गाडीवर सूचनाफलक लागेल." पावसाळा आला, गेला. काल सकाळी तिथून जाताना पाहिलं, फलक खरंच लागलाय. चांगला चार फुटी, चकचकीत फ्लेक्स. त्यावर लिहिलंय, 'सात दिवसांचं डिटॉक्स. लिव्हर-किडनी साफ. शुगर, बीपी, मुतखडा, लठ्ठपणा गायब. फक्त ६९९ रुपये.' फलक लावण्याचा शब्द पाळला गेला, मजकूर तेवढा बदलला, असं समजून मी आपले आभार मानतो.

झालं काय ते थोडक्यात सांगतो, कारण अर्ज कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. आमच्या योगाच्या गटात सगळेच सकाळी तो हिरवा रस घेतात. त्या दिवशी पेला नेहमीपेक्षा कडू लागला. गाडीवाला म्हणाला, "कारलं ताजं आहे काका, कडू तेवढं गुणकारी." प्यायलो आणि बायकोसाठी अर्धी बाटली बांधून घेतली. घरी येईपर्यंत पोटात मुरडा सुरू झाला, मग जुलाब, मग उलट्या, आणि त्यानंतर बेसिनमध्ये जे पडलं ते लाल होतं. बायकोनं बाटलीतला रस जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकली. म्हणाली, "हा कारल्याचा कडूपणा नाही. दुधी कडू आहे." चाळीस वर्षं भाजी चिरणाऱ्या बाईला जे एका थेंबात कळलं, ते ओळखायला आपल्या खात्यात माणूस नाही.

रुग्णालयात वरचं बीपी सत्तरवर आलं होतं. एंडोस्कोपी केली तेव्हा जठराचं अस्तर सोलवटून निघाल्यासारखं झालेलं, जागोजागी रक्त पाझरत होतं. डॉक्टरांना विचारलं, यावर उतारा काय? ते म्हणाले, उतारा नाही. सलाईन लावायचं, रक्तदाब धरून ठेवायचा आणि वाट बघायची. मुलगा रजा टाकून बंगळुरूहून आला. बिल पावणेदोन लाखांच्या घरात गेलं. विमा कंपनीनं निम्मं कापलं, कारण त्यांच्या मते हे आजारपण 'टाळता येण्याजोगं' होतं. टाळता येण्याजोगं होतं हे मलाही मान्य आहे साहेब. प्रश्न एवढाच की टाळायचं कुणी होतं?

दुधी, काकडी, पडवळ, कारलं ही सगळी एकाच कुळातली वेलवर्गीय फळं. कीड आणि जनावरं लागू नयेत म्हणून या वेलींमध्ये कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं तयार होतात. खायच्या दुधीत ती नावाला असतात, पण एखादं फळ बाहेरून तसंच हिरवंगार, कोवळं दिसत असताना आतून कडूजहर निघतं. शिजवूनही ते विष जात नाही. भाजीत मात्र माणूस वाचतो, कारण पहिल्या घासालाच तोंड वाकडं होतं आणि ताट बाजूला सरकतं. रसाचं तसं नसतं. नाक दाबून, औषध म्हणून, एका दमात आख्खा पेला पोटात जातो. त्यात कारलं घातलं की संपलंच. विषाची एकमेव खूण म्हणजे कडू चव, आणि ती झाकायला त्याहून सोयीचं काही नाही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाही. २०१० मध्ये दिल्लीत सीएसआयआरमधले, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेतले, एक शास्त्रज्ञ असाच दुधी-कारल्याचा रस पिऊन गेले. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस, एका सकाळी संपला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे सरकारच्याच आयसीएमआरनं, तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये छापून आला. शिफारशी इतक्या साध्या आहेत की चौथीतल्या पोरालाही पाठ व्हाव्यात. रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा. कडू लागली तर आख्खा दुधी फेका. दुधीचा रस दुसऱ्या कुठल्याही रसात मिसळू नका. पिऊन मळमळ, उलटी, जुलाब, अस्वस्थता काहीही वाटलं तर तडक रुग्णालय गाठा. बस्स. २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात एक्केचाळीस वर्षांच्या एक बाई सकाळी धावून आल्यावर दुधीचा रस प्यायल्या आणि काही दिवसांत गेल्या. सगळ्या वर्तमानपत्रांत बातमी होती. मंत्रालयात वर्तमानपत्रं येतात ना?

एवढ्या वर्षांत या चार ओळी एका तरी गाडीवर लागल्या का? मला एक गाडी दाखवा, मी हे पत्र मागे घेतो. उलट 'मिक्स' रसालाच मागणी. आयसीएमआर म्हणते मिसळू नका, आणि फ्लेक्सवर 'पॉवर कॉम्बो'चा दर दहा रुपये जास्त.

आता बाटलीची गोष्ट. बायकोनं ती उरलेली बाटली बर्फात घालून जपली होती. घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, उघडं सॅम्पल चालत नाही. मग मी कायदा काढून वाचला. तिकिटांचे आणि इंधनाचे हिशेब तपासण्यात उमर गेली, कलमं वाचायची सवय आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६, कलम ४०. ग्राहकाला स्वतः फी भरून पदार्थ तपासून घेता येतो. वा! पण अट काय, तर हा पदार्थ मी तपासायला देणार आहे हे विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचं. म्हणजे सकाळी साडेसहाला, पेला तोंडाला लावण्याआधी मी गाडीवाल्याला नम्रपणे कळवायला हवं होतं की, भाऊ, थोड्या वेळानं मला रक्ताची उलटी होणार आहे, तरी हा पेला प्रयोगशाळेत पाठवण्याचा माझा मानस आहे. हा कायदा ज्यानं लिहिला त्याला रोज सकाळी एक पेला पाजावा, अशी माझी सूचना आहे.

कलम ३५ प्रमाणे अन्नविषबाधेचे रुग्ण कळवण्याची सक्ती डॉक्टरांवर करता येते. कलम ६५ मध्ये नुकसानभरपाई आहे : मृत्यू झाला तर किमान पाच लाख, गंभीर इजा असेल तर तीन लाखांपर्यंत. आता जठर सोलून निघणं ही गंभीर इजा आहे का, असं मी विचारलं तेव्हा साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पण काका, तुम्ही प्यायलातच कशाला?" त्या चहाची चव अजून तोंडात आहे.

फ्लेक्सकडे पुन्हा येतो. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. त्याच्या जोडपत्रात ५४ आजारांची यादी आहे, ज्यांवर इलाजाची जाहिरात करणं गुन्हा. त्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, मूतखडा आहे, लठ्ठपणा आहे. गाडीवाल्यानं ती यादी समोर ठेवूनच फ्लेक्स छापला की काय कोण जाणे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. सत्तर वर्षांत आमच्या गावात यासाठी कुणी आत गेल्याचं ऐकलं नाही. आमच्या बागेबाहेर सकाळी पाच-सहा गाड्या असतात, एकेका गाडीवर शंभर तरी पेले जातात. राज्यात अशा दोनशे जागा धरा. बोटांवर केलेला हिशेब आहे, चुकला तर आपल्या खात्यानं दुरुस्त करावा, पण रोज लाखभर पेले होतात. लाखभर पेले, आणि चाखून बघणारी एकही जीभ नाही.

आणि हे दुधीपुरतंच नाही. अतिदक्षता विभागात माझ्या पलीकडच्या खाटेवर एक पन्नाशीचे गृहस्थ होते. किडनीचा जुना त्रास. मुलीनं मोबाईलवर बघून त्यांना पालक-बीट-संत्र्याच्या रसाचं सात दिवसांचं पॅकेज लावलं होतं, जेवण बंद. रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं की हृदयाचे ठोके अडखळायला लागले. रात्री उशिरा डायलिसिसला नेलं. पालकात ऑक्झलेट नावाचं द्रव्य ठासून भरलेलं असतं, ते रसातून एकदम आलं तर निरोगी किडनीतसुद्धा त्याचे स्फटिक अडकू शकतात, आधीच दुबळी असेल तर बघायलाच नको. कमरखाचा (स्टार फ्रूटचा) रस किडनीच्या रुग्णाला दिला तर उचकी, भ्रम, झटके येतात, माणूस दगावतोही. हे डॉक्टर पोटतिडकीनं सांगतात, पण त्यांच्या केबिनमध्ये. बागेबाहेर फ्लेक्स सांगतो की हाच रस 'किडनी साफ' करतो. अहो, रक्त गाळण्याचं काम किडनीच करते. तिला साफ करायला भाड्याच्या मिक्सरची काय गरज?

मधुमेह्यांची तर वेगळीच फसवणूक. संत्रं सोलून खाल्लं तर चोथा पोटात जातो, साखर सावकाश चढते. तीन-चार संत्री पिळली की चोथा बादलीत आणि साखर पेल्यात. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातल्या साखरेला वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवते. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, जून २०२४ मध्ये डबाबंद रसावरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढायला सांगितला, कारण आत आटवलेल्या रसात पाणी घातलेलं असतं. चांगलं केलं. डब्यावरची अक्षरं दिल्लीला दिसतात, मग आमच्या कोपऱ्यावरचा चार फुटी फ्लेक्स मुंबईला का दिसू नये?

याचं उत्तर मला माहीत आहे. तुमच्या खात्याला सणावारी जाग येते. दिवाळी आली की खवा, मग भेसळीचं पनीर, जप्त डब्यांमागे उभे राहिलेले अधिकारी, फोटो, बातमी. उरलेलं वर्षभर माणसं अपुरी आहेत, गाडी नाही, प्रयोगशाळेत नमुने तुंबलेत. पदं का भरत नाही? निवडणुकीआधी तिजोरी उघडायला पैसे असतात. जूनमध्ये योगदिनाला आमच्या मैदानात मंडप पडला, सगळ्या पक्षांचे लोक पांढऱ्या कपड्यांत बसले, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात काय दिलं? हिरवा रस. व्यासपीठावर! मी खाली सतरंजीवर बसून ते पाहत होतो. माझ्या पोटात तेव्हाही जळजळत होतं, अजून तिखट चालत नाही, मिसळ तर स्वप्नातच. पुढाऱ्यांनी हातात पेला धरून फोटो काढला आणि बऱ्याच जणांनी तो खुर्चीखाली ठेवून दिला. म्हणजे आपल्याला कळतं तर सगळं.

गाडीवाल्याशी माझं वैर नाही, हेही लिहून ठेवतो. पोरगा पहाटे मंडईत जातो, दुधी घेतो, कडू कुठला हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. त्याची नोंदणी होते, तेव्हा त्याच्या हातात त्या चार ओळींचा कागद देता येत नाही? उद्या कुणी मेलं तर त्याची गाडी उचलून न्याल, फोटो काढाल आणि फाईल बंद कराल. फ्लेक्स छापून देणारा, 'डिटॉक्स'चे व्हिडिओ करून लाखो कमावणारा, त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. दोन वेगळ्या दुनिया आहेत साहेब, एकीत कायदा लागू आहे आणि दुसरीत फॉलोअर्स आहेत.

मागण्या फार नाहीत. रस विकणाऱ्या प्रत्येक गाडीवर आयसीएमआरच्या त्या ओळी मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. दुधीचा मिसळलेला रस विकायला बंदी करा. १९५४ चा कायदा फ्लेक्सवाल्यांना एकदा तरी लावून दाखवा. दुधीच्या रसानं विषबाधा झालेला रुग्ण आला की रुग्णालयानं कळवलंच पाहिजे, असा आदेश निघू द्या. आणि माझ्या अर्जाचं काय झालं ते लेखी कळवा. तोंडी नको, चहाही नको.

'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधितांकडे अग्रेषित करण्यात आला आहे' एवढंच लिहायचं असेल तर टपालखर्च करू नये. ते पत्र माझ्याकडे आधीच आहे, हवं तर त्याची झेरॉक्स आपल्याला पाठवतो.

आपला,
अन्न आणि औषध दोन्ही विकत घेणारा एक ज्येष्ठ नागरिक