बाबा, न्यायला येऊ नका

बंगळुरू
७ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

तिकिटं झाली. शुक्रवारी, २६ डिसेंबरला रात्री दहा चाळीसला आमचं विमान इंदूरला उतरेल आणि ४ जानेवारीला संध्याकाळी आम्ही परत निघू. आता पुढचं वाक्य दोनदा लिहून खोडलंय, तरी लिहिते. बाबा, तुम्ही आम्हाला न्यायला यायचं नाही. विमानतळावरच मी भाड्याची गाडी घेतेय, सगळ्या दिवसांसाठी, स्वतः चालवायची. बुकिंग झालंय, पैसे भरून झालेत.

लगेच फोन करू नका, आधी पूर्ण वाचा. फोनवर बोलायला लागलं की आपल्या दोघांचाही आवाज चढतो आणि मग आई मध्ये पडते.

आमच्या चार बॅगा आहेत, त्यात ईराची उशी आणि अर्णवचं क्रिकेटचं सामान. तुमच्या गाडीच्या डिकीत दोन मावतात. आईचा गुडघा रिक्षाच्या पायरीला तयार होत नाही, हे मी दिवाळीत पाहिलंय. अन्नपूर्णेच्या देवळातून परत येताना तिनं दांड्याला धरून दोनदा प्रयत्न केला आणि मग म्हणाली, चालतच जाऊ, छान हवा आहे. शिवाय तिला महेश्वरला जायचंय. तीन वर्षं नुसतं म्हणतेय. नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर जाऊन संध्याकाळी परत यायचं तर गाडी भरवशाची हवी. रोजची टॅक्सी केली तर जवळपास तेवढेच पैसे जातात आणि ड्रायव्हर बाहेर ताटकळतोय म्हणून तुम्ही दोघं कुठेच निवांत बसत नाही. समीरनं हिशेब मांडून दाखवला, मग मी ठरवलं.

आणि बाबा, दिवाळीतली ती रात्र. फूटी कोठीच्या चौकात समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले आणि तुम्ही गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवलीत. मागून हॉर्न वाजत होते. तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसलात, परत घातलात, परत पुसलात. मी शेजारी बसले होते. तुम्ही काही बोलला नाहीत, मीही बोलले नाही, घरी येऊन आईलाही सांगितलं नाही. आई, तुला हे आज या पत्रातून कळतंय, त्याबद्दल माफ कर.

तुमच्या हातावर माझा पूर्ण भरवसा आहे. मला गाडी शिकवताना दशहरा मैदानावर दोन विटा ठेवून, त्यांच्या मधून रिव्हर्स घ्यायला लावलंत, आठ दिवस, रोज सकाळी सहाला. वीट पडली की तुम्ही उतरून पुन्हा उभी करायचात, एका शब्दानं बोलायचा नाहीत. आज बंगळुरूच्या गल्ल्यांतून गाडी काढते ती त्या विटांच्या जिवावर. पण डाव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू आहे, आणि मोतीबिंदूत रात्री समोरचा दिवा असा फुटून पसरतो की रस्ताच दिसत नाही. यात तुमचा काही दोष नाही. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही स्वतःच म्हणाला होतात, भिंतीचा रंग इतका पांढरा होता हे विसरलोच होतो.

आता गाडी ताब्यात कशी घेणार ते सांगते, म्हणजे तुम्हाला काळजी राहणार नाही.

मागच्या वर्षी आम्ही सुट्टीला गेलो होतो तिथे घाईत गाडी घेतली होती. पोरं पेंगुळलेली, पाऊस, त्या माणसानं किल्ली हातात दिली, सही घेतली आणि गेला. परत देताना मागच्या बंपरखालचा ओरखडा दाखवून त्यांनी डिपॉझिटमधले तीन हजार कापले. ओरखडा जुना होता, कडा गंजलेल्या होत्या. पण आमच्याकडे फोटो नव्हता, मग भांडणार कशाच्या जोरावर? तेव्हा मला तुमची प्रदक्षिणा आठवली. कुठेही निघायचं म्हटलं की आम्ही गाडीत बसून कुरकुर करायचो आणि तुम्ही शांतपणे गाडीभोवती फिरायचात. प्रत्येक टायरवर मूठ मारून बघायची, वाकून खाली तेल गळलंय का पाहायचं, बॉनेट उघडून ऑइलची काडी फडक्याला पुसायची. मानपूरच्या घाटाआधी तर परत एकदा. आई म्हणायची, देवळात एवढ्या भक्तीनं फिरत नाहीत.

या वेळी तीच प्रदक्षिणा मी घालणार आहे, मोबाईलचा व्हिडिओ चालू ठेवून, गाडी आणून देणाऱ्या मुलाच्या समोर. चारी कोपरे, बंपरची खालची बाजू, काचेवर टवका, चाकांच्या रिमा, टप. डिकी उघडून स्टेपनी, जॅक आणि पाना. इंजिन चालू करून पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा एकाच फोटोत. वायपर, दिवे, हँडब्रेक, एसी. जे काही खरचटलेलं दिसेल ते त्याच्या कागदावर लिहून घेईन, मगच सही.

त्या मुलाशी कालच बोलले. तिथलाच आहे, एरोड्रमकडचा. गेटसमोर गाडी आणू नकोस म्हटलं. तिथे दोन मिनिटं थांबलं की शिट्ट्या सुरू होतात आणि कोणाचंच लक्ष गाडीकडे राहत नाही. पार्किंगमध्ये, खांबावरच्या दिव्याखाली उभी कर, मी अर्धा तास घेणार आहे, आधीच सांगते. तो म्हणाला, "दीदी, आप टेन्शन मत लो, आराम से देखना." फ्लाइट नंबर त्याला दिलाय. डिसेंबरात धुक्यानं विमानं उशिरा येतात, तेव्हा थांबशील ना, हेही विचारलं. थांबणार आहे. तो नाही आला तर दुसऱ्या माणसाचा नंबर घेऊन ठेवलाय.

बाबा, तुम्ही नंबरची पाटी विचाराल. काळ्या पाटीवर पिवळे आकडे आहेत, म्हणजे रीतसर भाड्यानं चालवायला देण्याची परवानगी असलेली. एकजण पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी रोज सातशे रुपये कमी घेऊन देत होता. समीरला मोह झाला, मी नाही म्हटलं. खासगी गाडी अशी भाड्यानं घेतली आणि कुठे धक्का लागला, तर विमा मिळेलच याची खात्री नाही. आरसी, विमा, पीयूसी मी मोबाईलवर मागवून तारखा बघितल्यात. फास्टॅगमध्ये पैसे किती आहेत तेही निघण्याआधी बघेन, महेश्वरच्या रस्त्याला टोल आहे.

आपण सहा जण, म्हणून गाडी सात सीटांची, अर्टिगा किंवा तशीच दुसरी. मुद्दाम तीच मागितली. आई, सीट फार खाली नाही, फार उंचही नाही. आधी पाठ करून टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. दाराच्या वर धरायला दांडी आहे. तू पुढे बसायचंस, सीट पूर्ण मागे सरकवून, पाय लांब करून. तुझी ती लोकरीची शाल आणि पाठीमागची उशी मी काढून ठेवायला सांगणार होते, पण तू आत्ताच काढून ठेवली असशील.

एक गोष्ट दोघांनीही ऐकायची. करारावर माझं आणि समीरचंच लायसन्स आहे. तिसऱ्या कोणी चालवली तर विमा लागू होत नाही, अगदी गेटमधून आत घ्यायची असली तरी. मला माहितीये बाबा, सकाळी तुमचा हात किल्लीकडे जाणार. नियमाच्या आडून मी तुम्हाला थांबवतेय असं वाटू देऊ नका. नियम खरंच आहे, आणि मला त्याचा आधारही वाटतोय, दोन्ही खरं आहे.

सोमवारी, २९ तारखेला सकाळी अकराला डाव्या डोळ्याच्या तपासणीची वेळ घेतलीय, त्याच डॉक्टरांकडे. फक्त तपासणी. ऑपरेशन कधी ते तुम्ही ठरवा, मी एक शब्द बोलणार नाही. पण डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, म्हणून येताना गाडी मीच चालवणार. जुने कागद निळ्या फाइलमध्ये आहेत ना? आई, बघून ठेव, आणि चष्म्याचा आधीचा नंबरही.

आता आईला सूचना. आम्ही घरी पोचेपर्यंत रात्रीचे बारा वाजतील. जागत बसायचं नाही. हे तू ऐकणार नाहीस, म्हणून निदान एवढं ऐक: पुरणपोळी नाही, मसालेभात नाही. मुगाची खिचडी कुकरमध्ये झाकून ठेव, तूप बाहेर ठेव, मी गरम करून घेईन. मुलं गाडीतच झोपतील, त्यांना उचलून आत घेऊ. गिझर दहा मिनिटं चालू करून ठेवलास तर पुरे. गराडूच्या कंदाचे तळलेले काप मी सराफा बाजारातून आणेन, ते तळायला तू गॅसपुढे उभी राहायचं नाहीस. आणि बीपीची गोळी नऊला घ्यायचीच, आमची वाट बघत नाही.

बाबा, लहानपणी आजोळहून गाडी पहाटे इंदूरला यायची तेव्हा खिडकीतून मी सगळ्यात आधी तुमची तपकिरी मफलर शोधायचे. प्लॅटफॉर्मवर तुम्ही नेहमी त्याच खांबाशी उभे. एकदाही उशीर नाही. तुम्ही दिसलात की मला वाटायचं, पोचलो. २६ तारखेला विमानतळावर तुम्ही नसाल, आणि त्याचं मलाच जास्त वाईट वाटणार आहे, हे लिहिताना कळतंय. तुम्ही घराच्या फाटकाशी उभे राहा. मफलर घालून. फाटकावरचा दिवा लावा, म्हणजे वळणावरूनच दिसाल.

आणि शनिवारी सकाळी चहा झाला की गाडीची तपासणी तुम्ही करायची, माझी झालेली असली तरी. रात्रीच्या दिव्यात टायरमधली हवा मला कळणार नाही, तुम्हाला मूठ मारल्याबरोबर कळेल. माझा व्हिडिओ लावून एकेक जागा ताडून बघा. काही सुटलेलं दिसलं तर लगेच त्या मुलाला फोटो पाठवू, तो म्हणालाय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सांगितलं तर चालेल. महेश्वरला निघण्याआधीही बघा. आई टायरखाली लिंबू ठेवणारच, ते मीच घेऊन येईन.

४ तारखेला गाडी परत द्यायची आहे. वाटेत पंपावर टाकी जेवढी होती तेवढी भरून, पुन्हा व्हिडिओ काढून, त्याच्याकडून गाडी मिळाल्याचा मेसेज घेऊनच आम्ही आत जाऊ. म्हणून घरून तासभर आधी निघावं लागेल. पोचवायला तुम्ही दोघं त्याच गाडीतून या, उजेड असेल. परत जायला टॅक्सी मी तिथूनच करून देईन आणि तुम्ही बसलात की मगच आत जाईन. नाही म्हणू नका.

आईच्या गुडघ्याला शेक चालू आहे ना? बाबा, संध्याकाळी दूध आणायला चालत जा, स्कूटर काढू नका.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, दोन गाड्या अंगणात मावायला हव्यात. तुमची गाडी तुळशीच्या बाजूला, भिंतीला लागून घ्या. शुक्रवारी दुपारी, उजेड असताना.