झावळ्यांच्या रविवारच्या आत

चि. बाळ,

दुबईला पोचल्याचा तुझा मेसेज मिळाला. दादाला केलास का? नसशील केला. असू दे, आज त्यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

रविवारी मिस्सानंतर चर्चच्या घंटेच्या देणगीदारांची नावं वाचली. तुझं नाव पहिलं. बायका वळून माझ्याकडे बघत होत्या, ऊर भरून आला. पण दादा पुढच्याच बाकावर मान खाली घालून बसला होता, आणि मला मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वचन आठवत राहिलं. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी भावाशी समेट कर. चूक कोणाची हे येशूने विचारलेलंच नाही, बघ.

तुम्हा दोघांचा वाद ज्यावरून आहे ते बावखल, आपलं पाण्याचं तळं, मला विचारशील तर बुजवू नये. विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं ते त्याच्यामुळेच. पण तो व्यवहार आहे, वकिलाकडे सुटेल. पोरीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी, तिच्या देखत तू दादाला जे बोललास ते कोण सोडवणार? उपवासकाळात मटण तू शिवत नाहीस, मला ठाऊक आहे. अबोलाही सोड ना.

बघ, पुन्हा तेच. रागावू नकोस. परमुलखात जेवणाखाण्याचं विचारायचं सोडून आई प्रवचन देते.

बाबा असते तर इतकं बोलले नसते. काकांशी वाद झाला तेव्हा गुड फ्रायडेच्या सकाळी केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. दार उघडलं नाही. घड ओट्यावर ठेवला आणि तसेच चर्चला गेले. शर्टावर चिकाचे डाग. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. मी चिडायचे. मग एका वर्षी काकीने घड आत नेला. बोलली नाही, पण नेला.

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियाला १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारलं, हे ऐकून तू लहानपणी घाबरला होतास. आपल्यालाही असं करतील का, म्हणून विचारलंस. बाबा म्हणाले, नाही रे, आपली परीक्षा बांधावरच होते.

रात्री जपमाळ झाली की ‘आमच्या बापा’ म्हणताना क्षमेच्या ओळीवर माझा आवाज अडखळतो. आम्ही जशी क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, असं मागायचं आणि घरात दोन लेकरं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. तू मनाने वाईट नाहीस. पण राग फार दिवस ठेवला की तो स्वभाव होऊन बसतो, त्याचीच भीती वाटते रे.

शेजारचा मुलगा शनिवारी तिकडे निघतोय, त्याच्याबरोबर सुकेळी पाठवते आहे. केळी दादाने स्वतः वाळवली, मी सांगितलं नव्हतं. मिळाली की ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आत फोन कर. मला नको, त्याला.

तुझी,
आई