तोंडावाटे लस : चाचणीला कोणी जायचे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की गॅस्ट्रोच्या बातम्या येऊ लागतात. जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यात विहिरीच्या दूषित पाण्याने कॉलरा पसरून माणसे दगावली, तेव्हाही चर्चा झाली ती पाण्याची, आणि ते योग्यच होते. परंतु जंतूंमुळे होणाऱ्या जुलाबांवर तोंडावाटे द्यायच्या लसींची चाचणी कोणावर होते, याविषयी फारसे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

मी नागपुरातील एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली. कॉलऱ्याचा जंतू टीसीबीएस या, जंतू वाढवायच्या हिरव्या माध्यमावर दुसऱ्या दिवशी पिवळ्या ठिपक्यांनी उठून दिसतो. ईटेक, म्हणजे विष तयार करणारा ई. कोलाय, मात्र मॅकॉन्की या दुसऱ्या नेहमीच्या माध्यमावर आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलायसारखाच गुलाबी उगवतो. विषाची जनुके शोधल्याखेरीज तो वेगळा ओळखता येत नाही, आणि ती तपासणी रोजच्या कामात सहसा होत नाही. त्यामुळे असंख्य रुग्णांच्या कागदावर नुसते 'जुलाब' एवढेच लिहिले जाते. कॉलऱ्यावरील 'शांकॉल' ही हैदराबादेत बनलेली लस कोलकात्याच्या वस्त्यांमध्ये तपासली गेली आणि तिने पाच वर्षांत सुमारे 65 टक्के संरक्षण दिले. खास ईटेकवरची लस अजून चाचण्यांतच आहे. अशी एक प्रमुख लस आधी स्वीडनमधल्या निरोगी प्रौढांना, नंतर बांगलादेशातल्या प्रौढांना आणि मग टप्प्याटप्प्याने लहान बाळांपर्यंत देऊन पाहिली गेली. आधी मोठ्यांनी घ्यायची ती एवढ्यासाठी, की सुरक्षिततेची खात्री होईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही.

मग परदेशात तपासलेली लस सरळ आणून द्यायला काय हरकत आहे? हरकत आहे. कॉलऱ्याची एक जिवंत, दुर्बळ केलेली लस अमेरिकेतल्या स्वयंसेवकांमध्ये उत्तम ठरली होती. लस घेतल्यावर खरे कॉलऱ्याचे जंतू प्यायला देऊनही बहुतेकांना त्रास झाला नाही. हीच लस 1990 च्या दशकात उत्तर जकार्तामध्ये हजारो लोकांना दिली, तेव्हा तिचा म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. जिथे लहानपणापासून वारंवार संसर्ग होतात, तिथल्या आतड्यांवर तोंडावाटेच्या लसी बरेचदा कमी चालतात. त्यामुळे लस आपल्याकडे चालेल की नाही, हे आपल्याकडच्याच माणसांनी ती घेतल्याशिवाय ठरणार नाही.

असा स्वयंसेवक करतो काय, तेही सांगण्यासारखे आहे. जठरातल्या आम्लाने लस मरू नये म्हणून यातल्या अनेक लसी सोड्यासारख्या द्रावणात मिसळून दिल्या जातात आणि मागेपुढे तासभर काही खायचे नसते. त्यानंतर ताप, मळमळ, शौचाच्या वेळा रोज एका कार्डावर लिहायच्या, ठरल्या दिवशी रक्ताचा आणि शौचाचा नमुना द्यायचा. शौचाचा नमुना द्यायला लोक लाजतात, पण आतड्याच्या आतल्या बाजूने प्रतिपिंडे तयार झाली का, हे त्यातून कळते.

मला काळजी आहे ती संमतिपत्राची. चाचणीत मिळणाऱ्या मोबदल्याची ज्याला निकड आहे, तो न वाचता सही करण्याचा धोका मोठा असतो. 2019 च्या नियमांनुसार माहिती स्वयंसेवकाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते, त्याला कधीही कारण न देता बाहेर पडता येते, इजा झाल्यास मोफत उपचार आणि चाचणीमुळे झाली असल्यास भरपाईही मिळते. हे हक्क माहीत असणारे, कागद घरी नेऊन वाचणारे, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारणारे आपण शिकले-सवरलेले लोक मात्र घरी बसतो आणि जोखीम गरजवंताच्या गळ्यात पडते. कोव्हॅक्सिनच्या वेळी नागपूरकर पुढे आले होते. जुलाबांच्या लसीची चाचणी आपल्या शहरात आली, तर धडधाकट नोकरदारांनी आणि मेडिकल-मेयो या इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी, अर्थात प्राध्यापकांच्या कोणत्याही दडपणाविना, आपली नावे द्यावीत असे मला मनापासून वाटते.

देशातील प्रत्येक औषध-चाचणीची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये सर्वांना पाहता येते, पण ती इंग्रजीत असते. विदर्भात होणाऱ्या लस-चाचण्यांची माहिती, स्वयंसेवकांच्या हक्कांसह, आपण मराठीत नियमित छापावी, ही विनंती.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर