नोटिफिकेशन थांबवायला मशीन फॉरमॅट कशाला?

महोदय,

कालच्या पुरवणीत संगणकावर येणाऱ्या व्हायरसच्या खोट्या इशाऱ्यांवर जे छापले आहे, ते वाचून राहवले नाही. ‘चांगला अँटिव्हायरस घाला, नाहीच थांबले तर मशीन फॉरमॅट करून घ्या’, म्हणजे सगळे पुसून नव्याने बसवा, हा सल्ला चुकीचा आहे आणि वाचकांना भुर्दंड पाडणारा आहे.

उजवीकडे खाली ‘तुमच्या पीसीमध्ये पाच व्हायरस सापडले’ अशी जी चौकट उसळते, ती बहुतेक वेळा व्हायरसमुळे येतच नाही. ती एखाद्या वेबसाइटची नोटिफिकेशन असते आणि ती पाठवण्याची परवानगी ब्राउझरमध्ये रीतसर नोंदलेली असते. म्हणून कितीही स्कॅन केले तरी हाती काही लागत नाही. चौकट नीट पाहा. नामांकित अँटिव्हायरसचा लोगो, लाल त्रिकोण सगळे असते. पण तिथेच बारीक अक्षरांत ‘गूगल क्रोम’ आणि कुठल्या तरी अनोळखी साइटचा पत्ता असतो. तो पत्ता लिहून घ्यावा, पुढे यादीत तोच शोधायचा आहे.

परवानगी जाते कशी, हे तर लेखात आलेच नाही. फुकट मॅच दाखवणाऱ्या किंवा कसलीशी पीडीएफ देऊ करणाऱ्या पानावर ‘रोबॉट नसाल तर अलाऊ दाबा’ असे लिहिलेले असते. खरा कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारे कोडे, पानातच सुटतो, तो ब्राउझरचे ‘अलाऊ’ कधीच दाबायला लावत नाही. एकदा ते दाबले, की टॅब बंद केला तरी साइटचा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हिस वर्कर, ब्राउझरपाशी राहतो आणि संदेश येतच राहतात.

उपाय असा. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. नको त्या साइटसमोरचे तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’ करा. ‘रिमूव्ह’ केले तर ती साइट पुन्हा विचारू शकते. त्याच पानावर वर, कोणत्याच साइटला नोटिफिकेशन पाठवू न देण्याचा पर्याय आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या संगणकावर तोच निवडावा. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही साइट परमिशन्समध्ये अशीच यादी मिळते. फायरफॉक्समध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली परमिशन्स, तिथे नोटिफिकेशन्ससमोरचे सेटिंग्ज; नव्या विनंत्या अडवण्याच्या चौकोनात टिक करून ‘सेव्ह चेंजेस’ दाबायला विसरू नये, नाहीतर बदल टिकत नाही.

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. क्रोममध्ये घरातल्या प्रत्येकाचे वेगळे प्रोफाइल असेल, तर प्रत्येकाची यादीही वेगळी असते. एकात ब्लॉक केले म्हणून दुसऱ्यातले थांबत नाही. आणि फक्त कुकीज व हिस्टरी पुसून परवानगी जात नाही. एवढे करूनही चौकटी आल्या, तर एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची, यादी उघडून आपण न घातलेले काढून टाकावे. फॉरमॅटचा प्रश्नच येत नाही. दुरुस्तीच्या दुकानात मात्र पुष्कळदा आधी तेच सुचवले जाते. बॅकअप नसेल तर नातवंडांचे फोटो जातात, पैसे जातात आणि आठवड्याभरात त्याच साइटवर पुन्हा ‘अलाऊ’ दाबले जाते. अशा सल्ल्यावर वृत्तपत्राने शिक्कामोर्तब करावे, याचा संताप येतो.

चौकटीवर क्लिक होऊन पूर्ण पडदाभर भोंगा वाजवणारे पान उघडले, तर एस्केप दाबून धरावे. नाहीच सुटले तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा आणि नंतर आधीची पाने परत उघडू का असे विचारणाऱ्या ‘रिस्टोअर’ला नकार द्यावा. पानावरच्या नंबरवर फोन अजिबात करू नये. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावावा.

आता आपल्याच वेबसाइटविषयी. रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी उघडली, की पहिली ओळ वाचायच्या आत नोटिफिकेशनची चौकट पुढे येते. नाही म्हटले तरी पुढच्या भेटीत ‘ताज्या बातम्यांसाठी अलाऊ करा’ हा आपलाच पट्टा हजर असतो. न वाचता ‘अलाऊ’ दाबण्याची सवय वाचकांना अशीच लागते. तो पट्टा काढावा, आणि वर दिलेली कृती पुढच्या पुरवणीत लेखाच्याच जागी, त्याच आकारात छापावी.

– एक वाचक, गोरेगाव (पूर्व), मुंबई