मॉलच्या प्रस्तावावरील हरकती शुक्रवारपर्यंत द्या

सर्व सभासदांना नमस्कार.

मंडईमागच्या आरक्षित भूखंडावर मॉल उभारता यावा म्हणून नगरपरिषदेने आरक्षण बदलाची नोटीस काढली आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना (एमआरटीपी) कायदा, १९६६ च्या कलम ३७ नुसार नोटिशीच्या तारखेपासून महिनाभरात कोणालाही हरकत किंवा सूचना देता येते. शेजारीच राहायला हवं असं नाही. मुदत सोमवारी संपते. तेव्हा अर्ज शुक्रवारीच नगरपरिषदेच्या आवक-जावक विभागात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. हरकतींवरच्या सुनावणीला हीच पोच हाताशी लागते.

नुसतं ‘मॉल नको’ लिहून भागणार नाही. नकाशात मालाच्या गाड्यांचं फाटक शाळेच्या गल्लीत दाखवलंय. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तरी तिथे खोळंबा होतो, ते लिहा. पार्किंग, सांडपाणी, मंडईतल्या गाळेधारकांचं काय, हेही. ग्रुपवरचा मजकूर जसाच्या तसा छापू नका, आपल्या शब्दांत मांडा.

ज्यांना मॉल हवाय त्यांनीही जरूर लिहावं. संघाने बाजू ठरवलेली नाही. (त्यावरून ग्रुपवर पुन्हा जुंपू नका, ही विनंती.) सुनावणीनंतर प्रस्ताव शासनाकडे मंजुरीला जाईल.

अर्जाचा कोरा नमुना संघाच्या कार्यालयात ठेवला आहे.

– सचिव