तुर्भ्याच्या मिस्त्रीकाकांना, पिकअपवाल्या ताईकडून

श्री. मिस्त्रीकाका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव किंवा गल्ली इथं लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, "आता अजून गिऱ्हाईक नको, दोन पोरांत आवरत नाही." तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास ज्यांच्या गाड्या उभ्या राहतात, ते तुम्हाला बरोबर ओळखतील.

पिकअप आता गप्प आहे. म्हणजे डिझेल गाडी जितपत गप्प बसते तितपत. परवा भाऊजींनी गाणी लावली तर मला शब्द कळले. पावसाळ्यापासून नुसता ठेकाच कळत होता, आणि तोही सीटखालचा.

पैसे देताना मी फक्त "येते काका" म्हणाले, याची रुखरुख लागली आहे. घसा दाटून आला होता, आणि बेअरिंगवरून गॅरेजात रडणारी बाई अशी ओळख मला नको होती. म्हणून हे उघड पत्र.

गाडी आमच्यासाठी काय आहे ते तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. १९९६ साली भायखळ्याचं भाजी मार्केट वाशीला आलं, त्याच्या मागोमाग माझे सासरेही आले. आता रात्री मी एपीएमसीत खरेदीला उतरते, भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पिकअप चालवतात आणि आमचे हे महापे-रबाळेच्या एमआयडीसीतल्या कँटीनचे हिशेब बघतात. सकाळी सातच्या आत कोबी-टोमॅटो कँटीनच्या दारात पडला नाही तर आचारी आमच्यासाठी थांबत नाही. दुसऱ्याचा माल घेतो आणि महिनाअखेरीला आमचं बिल कापतो. गाडी एक दिवस बसली की आमचं काय होतं, ते यावरून कळेल.

आवाज सुरू झाला पावसाळ्याच्या तोंडावर. माल भरून मार्केटच्या गेटातून निघालं, गिअर पडला, गाडीनं जोर घेतला की सीटखालून ढुग-ढुग-ढुग. थोडा वेग आला की बंद. पुढे ठाणे-बेलापूर रोडला चाळीस-पन्नासच्या वर गेलं की नुसतं घूंऽऽ, तळपायाला मुंग्या आणणारं. उड्डाणपुलाच्या चढाला ते जास्तच व्हायचं. आणि माल उतरवून परत येताना काही म्हणजे काही नाही. अगदी शहाणी होऊन घरी यायची.

हे मला जाणवायचं, भाऊजींना नाही. त्यांची खिडकी उघडी, लक्ष ट्रॅफिककडे आणि एक कान हॉर्नवर. ते काही खोटं बोलत नव्हते. पण गॅरेजवाल्यांना तेवढं निमित्त पुरायचं. एका ठिकाणी माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मालकानं भाऊजींकडे तोंड फिरवलं. "गाडी तुम्ही चालवता ना? तुम्हाला येतो का आवाज?" भाऊजी म्हणाले, "वहिनी म्हणतायत." झालं. त्यापुढे माझ्याशी कुणी बोललं नाही.

मग जे सुरू झालं ते आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कुणी मागच्या चाकांची बेअरिंगं बदलली. कुणी पाट्यांचे, म्हणजे मागच्या स्प्रिंगांचे, यू-बोल्ट आवळून, शॅकलला ग्रीस भरून छातीठोक सांगितलं की आता आवाज आला तर मिशी उतरवीन. दुसऱ्या दिवशी मार्केटच्या गेटवरच ढुग-ढुग. मिशी अजून आहे, मी येता-जाता बघते. एका एसी वेटिंग रूमवाल्या ठिकाणी कॉफी मिळाली. त्यांनी लॅपटॉप जोडला, एकही एरर नाही म्हणाले, रिकामी गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि जॉबकार्डावर लिहून दिलं, "आवाज आढळला नाही." खाली बिल. न आढळलेल्या आवाजाचं बिल देणारी मी पहिलीच नसेन म्हणा. आणि एक महाशय म्हणाले, "ताई, जुनी गाडी आहे, टेप मोठा करा." त्यांना या पत्रातून वेगळा नमस्कार.

बिघाड न सापडणं हा काही गुन्हा नाही. "ताई, मला सापडत नाही, दुसरीकडे दाखवा," असं कुणी म्हटलं असतं तर मी मजुरी देऊन हात जोडले असते. पण त्यांना सापडत नाही म्हणजे तो नाहीच, आणि सांगणाऱ्या बाईला उगाच वाटतंय, हा जो सूर होता ना, तो बिलापेक्षा जास्त लागला. एक वेळ अशी आली की रिकाम्या गाडीत बसून मीच कान लावायचे आणि स्वतःवर शंका घ्यायचे.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही एका टेम्पोखाली होतात, नुसते पाय दिसत होते. चांगलं ताटकळत ठेवलंत. बसायला ऑइलचा डबा, चहाचं नाव नाही. मनात म्हटलं, हेही त्यातलेच. मग बाहेर आलात, चिंधीला हात पुसलेत. भाऊजींनी सुरुवात केली, "काका, आवाज येतो."

"कुणाला येतो?"

भाऊजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही पूर्ण माझ्याकडे वळलात. "ताई, तुम्ही कुठल्या बाजूला बसता? आवाज कसा येतो, तोंडानं काढून दाखवा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमची दोन पोरं, शेजारचा टायरवाला, गिऱ्हाईक नसलेला एक रिक्षावाला, सगळे बघत होते. त्यात कंप्रेसर धडधडत होता. तुम्ही पोराला म्हणालात, "बंद कर तो." मोबाइलवरचं गाणंही बंद करायला लावलंत. मी काढला. ढुग-ढुग-ढुग. एक पोरगं खुदकन हसलं. तुम्ही त्याच्याकडे नुसतं बघितलंत, तो स्पॅनर शोधायला आत गेला तो बाहेरच आला नाही. मग मला म्हणालात, "अजून एकदा. आणि पळताना येतो तो वेगळा काढा." मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होतात. शेवटी तुम्ही स्वतः काढलात, आधी जाड आवाजात, मग बारीक. "असा की असा?" मी म्हटलं, दुसरा.

काका, हे पत्र त्या दोन-चार मिनिटांसाठी आहे. पाना हातात घेतलात तो नंतर. त्या क्षणी बिघाड सापडला नसता तरी मी तुमची ऋणी राहिले असते.

पुढचं सगळं भराभर झालं. न्यूट्रलला सोडली तरी घूं चालूच राहतं? मग इंजिन नाही, क्लच नाही. वळणावर बदलत नाही? मग चाकांच्या मागे लागायला नको. रिकामीला येतच नाही? "मग रिकामी कशाला आणली? उद्या माल भरून या." दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तुम्ही शटर उघडून उभे. माझ्या सीटवर तुम्ही बसलात, मी तुमच्या ऑइलच्या डब्यावर. टर्मिनलला एक फेरी मारून आलात तेव्हा खाली वाकून गाडीच्या तळाला तळवा टेकलेलाच होता. उतरताना एवढंच बोललात, "सेंटर बेअरिंग."

ज्यांच्या गाडीला असंच होत असेल त्यांच्यासाठी, मला समजलं तसं लिहिते. आमच्यासारख्या लांब गाडीत गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. मधला जोड एका बेअरिंगवर फिरतो, आणि ते बेअरिंग रबराच्या कड्यात बसवून चेसिसला टांगलेलं असतं. आमचं ते रबर फाटलं होतं. रिकामी असताना शाफ्टचं कसंबसं निभतं. माल भरला की पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो, आणि जोर पडला की मधला भाग आदळायला लागतो. रिकामी गाडी फिरवून हे सापडणार कसं? आणि फाटलेल्या रबराला कुठली तार जोडलेली असते, की लॅपटॉपला कळावं?

काढलेला पार्ट तुम्ही भाऊजींच्या नाही, माझ्या हातात दिलात. रबर गोल चिरलेलं, फटीतून माझी करंगळी आरपार गेली. बोटांना काळी पूड लागली ती भांड्यांच्या साबणानंही लवकर निघाली नाही. "असंच दामटलं असतं तर शाफ्ट लोंबकळला असता," म्हणालात. भरल्या गाडीत, महाप्याच्या रस्त्यावर, सकाळच्या शिफ्टच्या बसगाड्यांमध्ये. पुढचं मी त्या रात्री मनात आणू दिलं नाही.

बेअरिंगचे पैसे दुकानाच्या पावतीप्रमाणे, मजुरी वेगळी सांगितलीत. वर ठेवलेली नोट परत केलीत. "पोरांना वडापाव आणा. हसला त्याला एकच."

आमच्या धंद्यात अशी माणसं भेटत नाहीत असं नाही. मार्केटात एक माथाडी आहेत, पाठीवर घेतल्या घेतल्या सांगतात, "ताई, ही गोणी ओली लागतेय, बदलून घ्या." त्यांचं काम ओझं उचलायचं, तेवढं करून गेले तरी कोण विचारणार आहे? आमच्या वसाहतीत एक रेशन दुकानदार बाई आहेत, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा मशीनला लागेना तर लाइन थांबवून पुन्हा पुन्हा लावून घेतात, "उद्या या" म्हणत नाहीत. एनएमएमटीचा एखादा कंडक्टर, धावत येणारं माणूस आरशात दिसलं की डबल बेल मारत नाही. यांची कुणी बातमी छापणार नाही, आणि यांनाही त्याचं काही पडलेलं नाही. पण सकाळच्या घाईत असं एक माणूस गाठ पडलं की दिवसभर माझी जीभ घरात जरा कमी चालते, असं आमचे हे म्हणतात.

तुमच्या पोरांना सांगा, वडापाव खाल्ले तरी हातावरचं ग्रीस आधी पुसत जा. घरी सगळ्यांना नमस्कार.

आपली,
पिकअपवाली ताई, घणसोली

ता. क. : पुढच्या आठवड्यात कोपरखैरण्याचे एक कांदेवाले त्यांचा टेम्पो घेऊन तुमच्याकडे येतील. गिऱ्हाईक नको म्हणालात ते लक्षात आहे, पण एवढं एक सांभाळून घ्या. त्यांच्या मते पुढच्या डाव्या चाकाचा आवाज आहे. शेजारच्या सीटवर त्यांची बायको असेल, तिच्या मते मागून येतो. आधी तिला विचारा.